दुसऱ्या मैदानावरची कॅचर

“एवढं काय लिहून राहिली गं?” प्रफुल्ल बोंडेनं मागून विचारलं आणि मी वही पोटाशी धरली.

“काही नाही. बेरीज जुळत नाहीये.”

“दे इकडे, मी जुळवून देतो.”

“तू तुझ्या मैदानाची जुळव आधी.”

तो हसत कडुनिंबाखालच्या चहाच्या टेबलाकडे गेला. बेरीज केव्हाच जुळली होती. मी लिहीत होते ते वहीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर, आणि ते प्रफुल्लला दिसलं असतं तर माझा सगळा डाव पाण्यात गेला असता.

ही गोष्ट वीस-बावीस वर्षांपूर्वीची, अमरावतीची. मी शारीरिक शिक्षणाच्या शेवटच्या वर्षाला होते. आमच्या महाविद्यालयाच्या मैदानांवर मुलींची राज्य कनिष्ठ गट बेसबॉल स्पर्धा भरली होती. चार दिवस, दोन मैदानं. आमच्या वर्गातल्या सहा जणांना गुणलेखनाचं काम दिलेलं. मी दुसऱ्या मैदानावर होते. हे मैदान वसतिगृहाच्या मागे. तिथे ना मांडव, ना खुर्च्या. नावाजलेले संघ तिथे खेळत नसत आणि पाहुणे तिकडे फिरकत नसत.

आम्ही सहा जण त्या स्पर्धेच्या आत आमची एक वेगळीच स्पर्धा खेळत होतो. मिलिंद तायडेनं कुठल्याशा मासिकात वाचलं होतं की अमेरिकेत लोक बेसबॉलचे कागदी संघ करतात. खऱ्या मैदानावर खेळणाऱ्यांपैकी नऊ जण निवडून आपल्या कागदावर लिहायचे. त्यांनी तिकडे जे केलं त्याचे गुण इकडे तुम्हाला. मिलिंदनं नियम आमच्यापुरते बसवले होते. हिट मारली की एक, धाव काढली की दोन. रोज सकाळी नाश्त्याच्या वेळी प्रत्येकाला एक बदल करता यायचा. आपल्या कागदावरची एक मुलगी सोडायची आणि कोणाच्याच कागदावर नसलेली एक घ्यायची. जो मागे पडलेला, त्याची पाळी आधी. चौथ्या दिवशी सगळ्यांना समारंभाची कामं होती, म्हणून तिसऱ्या दिवशी दुपारी हिशेब संपायचा. जिंकेल त्याला बाकीच्यांनी दही-चटणीत भिजवलेला गिला वडा खाऊ घालायचा, एवढंच बक्षीस.

माझ्यासाठी ते एवढंच नव्हतं. तीन वर्षं मी महाविद्यालयाच्या संघात होते आणि तीन वर्षं राखीव होते. पाण्याच्या बाटल्या भरायच्या, हेल्मेटं मोजायची आणि गुण लिहायचे. लिहिता लिहिता मला वही वाचता यायला लागली होती. बाकीचे पुण्याच्या, नागपूरच्या गाजलेल्या मुलींमागे धावत होते. त्या पहिल्याच दिवशी वाटल्या गेल्या. मी वहीत नाव शोधत होते, ज्या नावाकडे कोणी बघत नाही असं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते सापडलं. सायरा तडवी, जळगाव. कॅचर, म्हणजे फलंदाजामागे उकिडवी बसून चेंडू झेलणारी.

फलंदाजीत ती आठव्या नंबरवर यायची आणि तीन चेंडूंत बाद होऊन परत जायची. दोन दिवसांत एक हिट नाही, एक धाव नाही. तिच्यासमोरचे रकाने बघून कोणीही पान उलटलं असतं. पण मी उलट बाजू वाचत होते, म्हणजे तिच्याविरुद्ध खेळलेल्या संघांची पानं. बेसबॉलमध्ये पिचरनं चेंडू टाकला की पहिल्या बेसवरची, म्हणजे पहिल्या टप्प्यावरची, धावक कधी कधी दुसऱ्या बेसकडे सुसाट सुटते. त्याला बेस चोरणं म्हणतात. मुलींच्या स्पर्धेत असल्या चोऱ्या सर्रास व्हायच्या, कारण कॅचरचा चेंडू तेवढ्या लांब वेळेत पोचतच नसे. सायराविरुद्ध पहिल्या सामन्यात पाच जणींनी प्रयत्न केला होता. चार बाद. दुसऱ्या सामन्यात दोघींनी केला, दोघी बाद. आणि त्यानंतर सबंध सामन्यात एकही जण बेस सोडून हलली नव्हती. तो सामना जळगाव तीन-दोननं जिंकलं आणि त्या एका विजयावर उपांत्यपूर्व फेरीत आलं.

मिलिंदच्या नियमात बेस चोरणारी धावक बाद केली की दर वेळी कॅचरला तीन गुण होते. हे सहसा घडत नाही म्हणूनच त्यानं ते तीन ठेवले होते. दोन दिवसांत सहा बाद म्हणजे अठरा गुण मातीत पडून होते आणि कोणाला त्याची खबर नव्हती.

मला एका जागी बसवेना. मी उठले, जळगावच्या मुली बसल्या होत्या तिकडे गेले. सायरा कॅचरची पॅडं सोडत होती. काळीसावळी, ठेंगणी, रुंद खांद्यांची मुलगी. मी सहज विचारल्यासारखं केलं.

“तू बसल्या बसल्याच फेकतेस गं. उठत नाहीस?”

“उठायचा कंटाळा येतो, मॅडम.” ती लाजून हसली. “लहानपणी शेरडं राखायचे ना रानात. एखादं पिकात शिरलं की बसल्या जागेवरून ढेकूळ हाणायचं. उठून कोण जातं दर वेळी?”

तिचे प्रशिक्षक फालक सर शेजारीच होते. यावल तालुक्यातल्या शाळेत ते शिकवत. म्हणाले, “हिचं हे शेवटचं वर्ष हो या गटातलं. जानेवारीत एकोणीस पूर्ण. राष्ट्रीय स्पर्धेचं एक प्रमाणपत्र हाती आलं तर पोलीस भरतीत खेळाडूंच्या कोट्यातून अर्ज भरता येईल. बघा तुम्ही, कोणाची नजर पडते का.”

“पडेल ना, सर,” मी म्हटलं.

मी परत आले. आमच्या कागदी स्पर्धेत मिलिंद पहिला, मी दुसरी, प्रफुल्ल तिसरा होता. म्हणजे उद्या सकाळी प्रफुल्लची पाळी माझ्या आधी. सायराचं नाव त्याच्या कानावर गेलं तर ती त्याची. मी कोऱ्या पानावरची आकडेमोड खोडून टाकली, मग पानच फाडून ओढणीच्या गाठीत बांधलं.

साडेचारच्या सुमाराला गायधनी सर दुसऱ्या मैदानावर आले. निवड समितीचे प्रमुख. नाशिकचे, पन्नाशीचे, उन्हानं रापलेले. दोन दिवस ते पहिल्या मैदानावर अडकले होते. हातात कागदाची घडी होती आणि ते घाईत होते.

“शुभांगी, या मैदानाची वही तुझ्याकडेच ना? राज्य संघाच्या शिबिराची यादी आज संध्याकाळी फोनवरून मुंबईला कळवायची आहे. कॅचरची एक जागा उरली आहे. नागपूरची एक मुलगी बरी मारते, पण फेक जेमतेम. तुझ्या मैदानावर कोणी आहे का?”

प्रफुल्ल चहाचा कप घेऊन आमच्यापासून चार हातांवर उभा होता. तो ऐकत होता की नव्हता, मला आजही सांगता येणार नाही. त्याची पाठ आमच्याकडे होती.

“विशेष कोणी नाही, सर,” मी म्हणाले.

“नक्की?”

“हो सर.”

“ठीक आहे मग.” त्यांनी कागदाची घडी खिशात घातली आणि ते गेले.

त्यानंतर मी काय काय केलं ते मला तासावार आठवतं. खडे फोडून ठेवलेल्या चुन्यानं दुसऱ्या दिवसासाठी रेषा आखल्या आणि त्या वाकड्या आल्या म्हणून पुसून परत आखल्या. वसतिगृहात जाऊन तोंड धुतलं. परत मैदानावर आले. शेवटी मनाशी म्हटलं, सरांना एकटं गाठून सांगू, त्यात काय. सहाच्या सुमाराला कार्यालयाकडे गेले. दारात प्रफुल्लची सायकल उभी होती. मी मागे फिरले. पाण्याच्या टाकीला दोन फेऱ्या घातल्या आणि पुन्हा गेले. आता सायकल नव्हती. दार अर्धवट उघडं होतं, आत दिवा होता, सर कोणाशी तरी फोनवर नावं बोलत होते, एकेक अक्षर सोडवून. मी पहिल्या पायरीवर उभी राहिले. दुसऱ्या पायरीवर पाय ठेवला. मग उतरले आणि मेसमध्ये जाऊन जेवले.

सकाळी तर्री-पोह्याच्या बशा हातात घेऊन आम्ही सहा जण बदल करायला बसलो. प्रफुल्लनं साताऱ्याची एक फलंदाज घेतली. माझी पाळी आली.

“सायरा तडवी. जळगाव.”

“कोण?” मिलिंदनं यादीवर बोट फिरवलं. “आठव्या नंबरची? अगं, हिच्या नावावर शून्य आहे.”

“असू दे.”

“उन्हानं डोकं फिरलं हिचं,” प्रफुल्ल म्हणाला. सगळे हसले. मीही हसले. मला त्या हसण्यात इतका आनंद झाला होता की मी पोह्यांची दुसरी बशी घेतली.

उपांत्यपूर्व फेरीचे सामने दोन्ही मैदानांवर वाटले होते, त्यामुळे जळगावचा पुण्याशी सामना माझ्याच मैदानावर होता. पुण्याच्या पळणाऱ्या मुली म्हणजे वारा. पहिल्याच डावात त्यांची पहिली धावक सुटली. सायरा बसलेलीच होती. खांदा मागे गेलेला दिसलाच नाही. चेंडू जमिनीपासून पुरुषभर उंचीवरून सरळ रेषेत गेला आणि दुसऱ्या बेसवरच्या मुलीनं हातमोजा नुसता खाली टेकवला. धावक घसरत आली ती थेट त्या मोज्यात. बाद. तिसऱ्या डावात दुसरी. पाचव्यात तिसरी. प्रत्येक वेळी मी पेन्सिल इतकी दाबली की टोक मोडलं. तीन, सहा, नऊ. पुण्याची माणसं आपापसांत बोलायला लागली होती. पहिल्या मैदानावरून लोक इकडे सरकायला लागले होते.

जळगाव एक-दोननं हरलं. सायराला फलंदाजीत पुन्हा काही जमलं नव्हतं. पण सामना संपल्यावर पुण्याची कप्तान तिच्याकडे गेली आणि तिचा उजवा हात उचलून नीट बघायला लागली, एखादं हत्यार बघावं तसा.

दुपारी मिलिंदनं बेरीज केली. मी त्याच्यापेक्षा दोन गुणांनी पुढे होते. तीन वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली. “हिला कसं कळलं हो?” प्रफुल्ल सगळ्यांना विचारत सुटला. “शुभांगीला कसं कळलं?”

“मलाही तेच विचारायचंय,” मागून आवाज आला.

गायधनी सर उभे होते. त्यांनी शेवटचे दोन डाव पाहिले होते. टेबलावरची वही त्यांनी उघडली आणि उभ्या उभ्याच मागची पानं चाळली. पहिल्या दिवसाचं पान. दुसऱ्या दिवसाचं पान. त्यांचं बोट एकेका खुणेवर थांबत होतं. बाकीचे पाच जण हळूहळू बाजूला झाले.

“हे काल दुपारपर्यंतचं आहे.”

“हो सर.”

“मी तुला विचारायला आलो तेव्हा हे लिहिलेलं होतं.”

“हो.”

“तुला दिसलं नव्हतं?”

खोटं बोलायला जागा होती. कामाच्या गडबडीत राहिलं म्हटलं असतं तर त्यांनी मानलं असतं. पण प्रफुल्लनं आत्ताच सगळ्यांसमोर विचारलं होतं, शुभांगीला कसं कळलं.

“दिसलं होतं, सर.”

“मग?”

मिलिंदनं पुटपुटत कागदी संघाचं सांगितलं, नियम, बदल, पाळी. सर ऐकत होते. ते ओरडतील असं मला वाटलं होतं. ते ओरडले नाहीत.

“अजून बदलता येईल ना सर?” मी म्हटलं. “मी लेखी देते. माझी चूक म्हणून देते.”

“नागपूरच्या मुलीला काल रात्रीच कळवलंय. तिचे वडील इथंच आहेत, सकाळी त्यांनी पेढे वाटले. मीही खाल्ला. आता कोणत्या तोंडानं तिचं नाव कापू? तिनं काय केलंय?” त्यांनी वही मिटली. “तुला विचारलं होतं मी, शुभांगी.”

वही त्यांनी माझ्या हातात दिली नाही. टेबलावर ठेवली आणि निघून गेले.

जळगावच्या मुली जवळच्या एका शाळेच्या इमारतीत उतरल्या होत्या. बडनेऱ्याहून त्यांची चारची गाडी होती. मी गेले तेव्हा वर्गात सामानाची बांधाबांध चालली होती. सायरा एका बाकावर बसून वळकटीला दोरी आवळत होती. उजव्या हाताची बोटं सुजलेली होती.

“मॅडम!” ती उठली. “सर म्हणत होते, मोठे साहेब आले होते मॅच बघायला. खरंय? माझं काही... बोलले का?”

“यादी काल संध्याकाळीच गेली.”

“हां.” ती परत बसली. “फालक सर म्हणालेच होते. उशिरा आले बघायला.”

“उशिरा नाही आले. काल त्यांनी मला विचारलं होतं, तुझ्या मैदानावर कोणी कॅचर आहे का म्हणून. मी नाही म्हटलं.”

तिला कळलं नाही. ती माझ्याकडे बघत राहिली, चेहऱ्यावर अजून तेच अर्धवट हसू. मग मी सांगितलं. कागदी संघ, सकाळचे बदल, प्रफुल्लची पाळी माझ्या आधी. सांगताना मला माझाच आवाज परका वाटत होता. इतक्या क्षुल्लक गोष्टी मी इतक्या सविस्तर सांगत होते. बाकीच्या मुलींचं बोलणं थांबलं.

“म्हणजे त्या कागदावर मी तुमच्या टीममध्ये होते?” सायरानं विचारलं.

“हो.”

“आजच्या मॅचचे किती मार्क दिले मला?”

“नऊ.”

“नऊ चांगले?”

“आज सगळ्यांत जास्त तुझेच होते.”

“मग जिंकलात तुम्ही?”

“दोन गुणांनी.”

तिनं बोटांवर काहीतरी मोजलं. सुजलेलं बोट वाकेना, म्हणून ते सोडून पुढचं मोजलं.

“म्हणजे मी नसते तर तुम्ही हरला असता.”

“हो.”

“पहिल्यांदाच एखादी स्पर्धा जिंकले मी,” ती म्हणाली, “आणि मला कोणी सांगितलंसुद्धा नाही.”

मी माफी मागितली. दोनदा मागितली. वळकटीची गाठ सुटत होती. मी मदतीला हात पुढे केला तेव्हा तिनं वळकटी उचलून दुसऱ्या बाकावर नेली. फालक सर दारातून म्हणाले, “चला पोरींनो, ऑटो आले.” माझ्याकडे बघून त्यांनी नेहमीसारखा नमस्कार केला. त्यांना अजून काही माहीत नव्हतं. मुली त्यांना वाटेत सांगणार होत्या.

त्या रविवारी ठरलेले गिले वडे खायला मी गेले नाही. वहीच्या पानांच्या झेरॉक्स काढल्या, माझी चूक लिहून काढली आणि ते सगळं संघटनेला नोंदणीकृत टपालानं पाठवलं. दीड महिन्यानं दोन ओळींचं उत्तर आलं की निवड अंतिम असते. राष्ट्रीय स्पर्धा तोवर होऊनही गेली होती. नागपूरची मुलगी चांगली खेळली, असं वर्तमानपत्रात आलं. त्यानं माझं काही हलकं झालं नाही.

पुढे मी अकोल्याला शाळेत लागले. काही वर्षांनी मलाच निवड समितीवर बोलावलं. सामने चालू असताना मला खुर्चीवर बसणं जमत नाही, दोन्ही मैदानांच्या मध्ये येरझाऱ्या चालू असतात. सहकारी त्यावरून चेष्टा करतात. फालक सर अधूनमधून स्पर्धांना भेटायचे. पहिली दोन वर्षं ते माझ्याशी बोलले नाहीत. मग बोलायला लागले, आणि त्यांच्याकडूनच कळत गेलं. सायरा पहिल्या भरतीत चार गुणांनी राहिली. खेळाडूंच्या कोट्यात असती तर बसली असती. दुसऱ्या वर्षी उंचीच्या मापात वाद झाला. तिसऱ्या वर्षी ती सरळ सगळ्यांबरोबर धावली, सगळ्यांबरोबर पेपर दिला आणि लागली. आता चोपड्याकडे हवालदार आहे.

“फोन करा ना तिला,” गेल्या वर्षी सर म्हणाले. ते आता निवृत्त झाले होते. त्यांनी स्वतःच माझ्या वहीत नंबर लिहून दिला. “काही मनात ठेवणारी नाही ती.”

तो नंबर तीन महिने माझ्याकडे पडून होता. एका सकाळी शाळेच्या मैदानावर प्रार्थनेच्या आधी मी फोन लावला.

“हॅलो, कोण?”

मी नाव सांगितलं. अमरावती म्हटलं. पलीकडे रहदारीचा आवाज होता, कोणीतरी शिट्टी वाजवत होतं. ती बाजूला सरकली असावी, आवाज कमी झाला.

“बोला मॅडम.”

मी बरंच काही ठरवून ठेवलं होतं. फालक सरांनी कसं सगळं सांगितलं, ऐकून कसा आनंद झाला, वगैरे. ते बोलले. ती “हां, हां” करत होती. मग मी म्हटलं, “त्या दिवशी तो प्रफुल्ल तिथं उभा होता, आणि त्याची पाळी आधी...”

“एक विचारू मॅडम?” तिनं मधेच तोडलं. चिडून नाही. कामाचं विचारावं तसं. “तो मुलगा तिथं नसता, तुम्ही आणि साहेब दोघंच असता, तर सांगितलं असतं?”

घंटा झाली. मुलं रांगा लावायला लागली. त्या संध्याकाळी कार्यालयाच्या पायऱ्यांवरून उतरतानाचं मला आठवलं. आत दिवा होता, सर एकटे होते आणि माझ्या आजूबाजूला कोणी नव्हतं. इतक्या वर्षांत ज्यांना ज्यांना ही हकीकत मी सांगितली, त्यांना प्रफुल्लचंच सांगितलं होतं.

“नसतं सांगितलं,” मी म्हणाले. “तू मला सापडली होतीस. तुला दुसऱ्या कोणी बघावं असं मला वाटत नव्हतं.”

पलीकडे शिट्टी पुन्हा वाजली.

“हं,” सायरा म्हणाली. “मलाही असंच वाटलं होतं त्या दिवशी. तुमच्या तोंडाकडं बघून.” मग कोणाला तरी ती ओरडली, “ए, गाडी मागं घे, मागं!” आणि फोन ठेवला.